नाव तेवढं सांगा

सांगलीच्या मार्केट यार्डामागच्या गल्लीत कुणाच्या छातीत कळ आली, कुणाची मुलगी सासरहून रुसून आली किंवा कुणाचा मुलगा सैन्यभरतीत धावताना पडला, की लोक आधी आपापल्या देवाला सांगतात, मग डॉक्टरला सांगतात, आणि दोघांकडूनही लवकर उत्तर आलं नाही की सुलाबाईच्या पायरीवर येऊन बसतात. सगळी सांगली तिच्याकडे लोटते असं तिच्या शेजारणी सांगतात, पण त्या शेजारणींना वाढवून सांगायची सवय आहे. दिवसाला दोन-तीन माणसं येतात. बाजाराच्या दिवशी चार.

सुलाबाई सदुसष्ट वर्षांची. एका मिशनच्या दवाखान्यात बत्तीस वर्षं आया होती. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. घर दोन खोल्यांचं, दारात तुळस नाही, पण कढीपत्त्याचं झाड आहे आणि त्यावर सगळ्या गल्लीचा हक्क आहे. ती ख्रिस्ती आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि येणाऱ्यांचं त्यावाचून काही अडत नाही. हळदीच्या गोदामात पोती उचलणारे, गुळाच्या अडतीवर बसणारे, रिक्षावाले, सगळे येतात आणि एकच म्हणतात, “मावशी, तुमच्या देवाला आमचं जरा सांगा की.”

सुलाबाईचा नियम एकच. समोरचा घसा खाकरून सुरुवातीपासून सांगायला लागला की ती हात वर करते आणि म्हणते, “नाव तेवढं सांगा. कारण नको.”

याचं लोकांना आधी नवल वाटतं आणि मग फार बरं वाटतं. जतकडचा यल्लाप्पा नावाचा हमाल पहिल्यांदा आला, तेव्हा त्यानं रात्रभर जागून काय आणि कसं सांगायचं याची जुळवाजुळव केली होती. पोराचं प्रकरण होतं आणि ते बायकोलाही सांगण्यासारखं नव्हतं. सुलाबाईनं हात वर केल्यावर तो बघतच राहिला. नुसतं पोराचं नाव सांगून तो पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला आणि जाताना हलका होऊन गेला. पोराचं पुढं काय झालं ते कुणालाच माहीत नाही, कारण काय होतं तेच कुणाला माहीत नव्हतं. पण यल्लाप्पानं यार्डात सांगितलं की ही बाई काही विचारत नाही. त्यानंतर माणसं वाढली.

सुलाबाई नावं लिहून ठेवत नसे. दवाखान्यात तिच्याकडे तीस खाटांचा वॉर्ड होता, आणि नोकरी सुटली तरी तो वॉर्ड काही तिच्या डोक्यातून सुटला नव्हता. सकाळी चहा झाला की ती खुर्ची दाराकडे करून बसे, डोळे मिटे, आणि मनातल्या मनात पहिल्या खाटेपासून निघे. एक नंबरला यल्लाप्पाचा पोरगा, दोनला गुळवाल्यांची सून, तीनला कोण ते तिलाच ठाऊक. प्रत्येक खाटेशी थांबायचं, नाव घ्यायचं, उशी नीट केल्यासारखं करायचं आणि पुढं जायचं. पूर्वीही ती असंच करत असे, फक्त तेव्हा हातात बेडपॅन असे.

खिडकीजवळची तिसावी खाट तिनं कुणालाच दिली नव्हती. तिथं ती सगळ्यांत शेवटी येई आणि सगळ्यांत जास्त वेळ उभी राही. तिथं नाव घ्यायची तिला छाती होत नसे. ती खाट तिच्या मुलीची, स्वप्नाची होती.

स्वप्ना सातारला असते. तिनं महेंद्रशी लग्न केलं. महेंद्र एमआयडीसीतल्या कारखान्यात मशीनवर आहे, घर बौद्धांचं. लग्न रजिस्टर झालं, नंतर चहा आणि जिलेबी. चर्चमधल्या काहींनी नाकं मुरडली, पण सुलाबाईनं पोरगा बघितला होता. तो जेवून उठल्यावर स्वतःचं ताट स्वतः उचलतो, एवढं तिला पुरलं. बिनसलं ते या लग्नावरून नव्हे. बिनसलं ते प्रार्थनेवरून.

सुलाबाईच्या चर्चमध्ये दर बुधवारी दुपारी बायकांची सभा भरते. तिला मध्यस्थीची सभा म्हणतात. आता आपल्याकडे मध्यस्थ म्हणजे लग्न जुळवणारा नाहीतर बांधाचं भांडण मिटवणारा. त्यामुळे एकदा एक शेतकरी सातबारा घेऊन तिथं येऊन बसला होता, तो किस्सा अजून सांगतात. इथली मध्यस्थी म्हणजे दुसऱ्यासाठी देवापुढं उभं राहणं. तिची तिथं एक रीत आहे. बायका गोल बसतात, एकेकीनं आपलं मागणं सांगायचं, आणि तिच्या उजव्या हाताला बसलेलीनं ते देवापुढं मांडायचं. स्वतःचं स्वतः मोठ्यानं मागायचं नाही, दुसरीच्या तोंडून जाऊ द्यायचं. रीत सुंदर आहे. पण दुसरीनं मांडायचं म्हणजे पहिलीनं ते स्वच्छ, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगावं लागतं, ही त्यातली मेख.

सात वर्षांपूर्वी एका सोमवारी स्वप्नाचा फोन आला. दुसऱ्यांदा पोट पडलं होतं, तिसऱ्या महिन्यात. पहिल्या वेळचंही तिनं तेव्हाच सांगितलं. हे महेंद्रला ठाऊक आणि आता तुला, सासूबाईंना यातलं काही माहीत नाही, असं म्हणाली. सुलाबाईनं फोनवर धीर दिला, फोन ठेवून पदरात तोंड खुपसून रडली, आणि बुधवारी सभेत गेली. लेकीवर असं काही आलं की आई ज्याच्यावर भरवसा त्याच्याकडे धावते. सुलाबाईचा भरवसा देवावर आणि त्या गोल बसलेल्या बायकांवर होता. तिनं सगळं सांगितलं. नाव, महिना, पहिली वेळ, दुसरी वेळ.

उजव्या हाताला माया बसली होती. माया मनानं लोणी, पण आवाज असा की कोपऱ्यावरच्या रिक्षा थांबाव्यात. तिनं डोळ्यांत पाणी आणून स्वप्नाच्या उदरासाठी प्रार्थना केली. तेवढ्यावर थांबती तरी निभावलं असतं. पण माया प्रेमळ. सातारला तिची बहीण होती, तिला तिनं फोन करून कळवलं, की आपल्या सुलाबाईची मुलगी तिथं एकटी आहे, जरा धीर देऊन ये. बहीण मायाहून प्रेमळ. ती रविवारी सफरचंदं घेऊन, सोबत दोघी बायकांना घेऊन स्वप्नाच्या घरी गेली, पुढच्या खोलीत सासू, नणंद आणि दोन शेजारणी बसलेल्या असताना उभी राहिली, आणि या घरातून गेलेल्या दोन्ही बाळांसाठी तिनं हात उंचावून प्रार्थना केली.

स्वप्नाचा फोन त्याच दुपारी आला. ती ओरडली नाही. ती म्हणाली, “आई, तुला देवाला सांगायचं होतं ना? मग गावाला कशाला सांगितलंस?”

सुलाबाई काही बोलायच्या आत फोन ठेवलेला होता.

यात कुणी वाईट वागलं असं म्हणायची सोय नाही. मलाही कुणावर रागवावं ते कळत नाही, आणि रागवायला माणूस न मिळणं हे फार वाईट असतं. सुलाबाईनं तो राग स्वतःवर घेतला. सभेला जायचं तिनं सोडलं नाही. दुसऱ्यांची मागणी ती मांडत राहिली, पण तिची पाळी आली की ती मान हलवून म्हणे, “माझं काई न्हाई.” तेव्हापासून पायरीवर येणाऱ्यांनाही ती कारण सांगू देईना. लोकांना ती थोर वाटायला लागली. तिची थोरवी कुठून आली ते फक्त तिला ठाऊक होतं.

पहिलं वर्षभर ती दर रविवारी सातारला फोन करी. महेंद्र उचले. “ती कामात आहे, आई. बरी आहे,” असं इतक्या अदबीनं सांगे की पुढं विचारायची चोरी. मग हळूहळू फोन महिन्यातून एक झाला, मग नाताळला आणि ईस्टरला, आणि मग तोही थांबला. सारखं टोचून काय उपयोग, असं तिनं मनाशी म्हटलं. पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, विचारलं तेव्हा ती म्हणाली, की मी ते देवावर सोपवलंय. चर्चमध्ये या वाक्याला कुणी उलट प्रश्न विचारत नाही.

पण सोपवलेली गोष्ट माणसाच्या हातून सुटते, तशी ही सुटली नव्हती. संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर लेकी आईबरोबर वांगी-भाकरी घेऊन येतात, त्यांच्याकडे बघून तिचा जीव तुटे. बाजारात स्वप्नाच्या अंगकाठीची कुणी पाठमोरी दिसली की ती चार पावलं मागं जाई, हे माहीत असूनही की ही ती नाही. तिला फार काही नको होतं. एकदा स्वप्नानं आपल्याला आई म्हणून हाक मारावी, एवढंच. आणि तिला आणखी एक भीती होती. दोघांनी एकमनानं मागितलं तर ते वर पोचतं, असं तिला लहानपणापासून शिकवलेलं. तिच्या तिसाव्या खाटेसाठी दुसरं कुणीच मागत नव्हतं, आणि कुणाला मागायला सांगायची वाट तिनंच बंद केली होती.

गेल्या मार्चमध्ये, एका मंगळवारी सकाळी, तिचा फोन वाजला. पलीकडून बायकी, जाड आवाज आला, “जय भीम, विहीणबाई. लक्ष्मीबाई बोलती, सातारवरनं.”

ख्रिस्ती घरातल्या सवयीनं सुलाबाईच्या तोंडून “सलाम” गेलं. सात वर्षांत विहिणीचा हा पहिला फोन. लक्ष्मीबाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. स्वप्नाला पाचवा महिना लागला होता. गर्भ टिकावा म्हणून डॉक्टरांनी टाका घातला होता आणि पडून राहायला सांगितलं होतं. गेल्या आठवड्यात थोडं अंगावर गेलं, आता ठीक आहे, पण काही सांगता येत नाही.

“तिनं तुमाला बोलवा म्हणून सांगितलं न्हाई,” लक्ष्मीबाई म्हणाल्या. “मी बोलावती. आन एक सांगती. तवा तुमच्या त्या बायका येऊन सगळं बोलून गेल्या, ते पोरीला लय लागलं. पर मला कळलं ते बरंच झालं. त्या दिसापास्नं मी तिला कळशी उचलू दिल्याली न्हाई.”

सुलाबाईनं परवा येते म्हणून सांगितलं. परवा का, तर मध्ये बुधवार होता. तो बुधवार आपल्याला टाळता येणार नाही, हे तिला फोन ठेवल्या ठेवल्या कळलं.

सभेत त्या दिवशी एकवीस बायका होत्या. माया नेहमीप्रमाणे उजव्या हाताला. मायाचे गुडघे गेले होते आणि आवाजही थोडा खाली आला होता. मागणी पुढं सरकत होती, कुणाच्या नातवाची परीक्षा, कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, आणि सुलाबाईला काहीच ऐकू येत नव्हतं. तिच्या डोक्यात एकच हिशेब चालू होता. इथं एकवीस तोंडं आहेत. ही एकवीस तोंडं रोज स्वप्नाचं नाव घेतील. बाळाला अजून चार महिने टिकायचं आहे. आणि मी गप्प बसले, आणि काही वाईट झालं, तर? स्वप्नाचा मान राखायच्या पायी मी त्या बाळाच्या वाटची प्रार्थना अडवली, असं होणार नाही?

तिची पाळी आली. माया तिच्याकडे वळून हात धरून बसली. सुलाबाईचं तोंड उघडलं. तिला सगळं सांगायचं होतं, इतकं सांगायचं होतं की तिच्या जबड्याला कळ लागली.

“माझं काई न्हाई,” ती म्हणाली.

मायानं हात सोडला नाही. ती हळू म्हणाली, की सात वर्षं तुझं काही नसतं, तरी मी रोज तुझ्यासाठी मागते, काय मागायचं ते मला ठाऊक नाही. मायाला हळू बोलता येतं हे सुलाबाईला त्या दिवशी कळलं. तरी तिनं मायाचा हात नुसता दाबला आणि पुढचीला पाळी घ्यायची खूण केली.

गुरुवारी सकाळी ती एसटीत बसली. पिशवीत भडंग होता, लिंबाचं लोणचं होतं आणि कढीपत्त्याची जुडी होती. हायवेचं काम चालू, गाडी रखडत चालली. कराड मागं पडलं तशी तिला धाकधूक व्हायला लागली. आपण काय बोलायचं आणि काय नाही हे ती घोकत होती. काय नाही, हीच यादी मोठी झाली. पोटाचं विचारायचं नाही. डॉक्टर काय म्हणाले ते विचारायचं नाही. मागचं काढायचं नाही. जवळ कुणी बसलं असेल तर प्रार्थना करायची नाही, एकटी असेल तर मोठ्यानं करायची नाही. तिला आपल्या शहाणपणाचा थोडा अभिमानही वाटला. सात वर्षांत आपण हे एक शिकलो, ते आता पोरीला दिसेल, असं तिला वाटत होतं.

लक्ष्मीबाईंनी दार उघडलं, पाणी दिलं, आतल्या खोलीकडे बोट दाखवलं आणि चहा टाकायला गेल्या. स्वप्ना कुशीवर निजली होती. चेहरा भरला होता आणि कानाजवळ दोन पांढरे केस होते. सुलाबाईला त्या दोन केसांचंच सगळ्यात वाईट वाटलं. हे केस पिकले तेव्हा आपण इथं नव्हतो.

“आलीस,” स्वप्ना म्हणाली. आई म्हणाली नाही.

सुलाबाई खुर्चीवर बसली. गाडीला किती वेळ लागला ते झालं, रस्ता कसा उकरून ठेवलाय ते झालं, भडंग तिखट आहे, तुला आता चालणार नाही, तो महेंद्रला दे, हेही झालं. चहा आला आणि संपला. लक्ष्मीबाई शेजारी जाऊन येते म्हणून गेल्या, दार मुद्दाम ओढून घेतलं. सुलाबाईनं एकही प्रश्न विचारला नाही. भिंतीवरचं घड्याळ चालत होतं, बाहेरून भाजीवाला ओरडत गेला. स्वप्ना एकदा तिच्याकडे बघे, एकदा छताकडे. असा अर्धा तास गेला असेल. मग सुलाबाईनं हळूच हात जोडले आणि डोळे मिटले.

“काय करतेस?” स्वप्नानं विचारलं.

“काई न्हाई गं. तुजं नाव घेतलं फकस्त. कारण-बिरण काई सांगितलं न्हाई त्याला. मी आता कुणालाच कारण विचारत न्हाई.”

“ठाऊक आहे मला. सातारला येणाऱ्या यार्डातल्या लोकांकडून कळतं. तू काही विचारत नाहीस म्हणून लोक तुझ्याकडे येतात.” स्वप्नानं मान फिरवली. “मी लोकांतली आहे का?”

तू फोन उचलत नव्हतीस, एवढं सुलाबाईच्या तोंडून निघालं.

“पहिलं वर्षभर नाही उचलला. राग होता. महेंद्र बोलायचा तेव्हा मी शेजारीच बसलेली असायची, आज तरी तू म्हणशील, फोन तिच्याकडे दे म्हणून. तू कधी म्हणाली नाहीस. मग तू करायचंच सोडलंस.” तिचा आवाज चिरकला. “नाताळला मी दोन वर्षं वाट बघितली.”

“मी ते देवावर सोपवलं हुतं,” सुलाबाई म्हणाली. हे वाक्य तिनं पाळकांना सांगितलं होतं, शेजारणींना सांगितलं होतं, स्वतःला तर रोज सांगितलं होतं. आज ते पहिल्यांदा तिच्याच कानाला खोटं वाटलं. देवावर सोपवलं म्हणजे तिनं फोनची भीती झाकायची सोय करून घेतली होती. परक्या माणसांच्या एकोणतीस खाटा ती रोज सकाळी फिरून येई, आणि जिथं जाऊन नुसतं कशी आहेस म्हणायचं होतं तिथं देवाला पाठवून ती घरी बसली होती.

तिला हुंदका आला. सवयीनं तिनं पुन्हा डोळे मिटले, ओठ हलायला लागले, क्षमा कर, क्षमा कर, असं ती त्याला म्हणत होती.

तिच्या मनगटावर हात पडला. स्वप्नाला उठायची मनाई होती, ती तशीच पडल्या पडल्या सरकली होती आणि हात लांब करून तिनं आईचं मनगट धरलं होतं.

“आई, डोळे उघड. मी इकडं आहे.”

सुलाबाईनं डोळे उघडले. खुर्ची तिनं खाटेला लागेल इतकी जवळ ओढली, लेकीच्या कपाळावरचे केस मागं सारले, आणि सात वर्षं जे विचारायचं राहिलं होतं ते विचारलं, “कसं वाटतंय गं तुला?”

स्वप्ना बोलायला लागली. पहिल्या बाळापासून बोलली. तिसऱ्या प्रहरी लक्ष्मीबाई परत आल्या तेव्हाही ती बोलतच होती, म्हणून त्या पुढच्या खोलीतच लसूण सोलत बसल्या. सांगलीची शेवटची सोयीची गाडी निघून गेली तरी सुलाबाई उठली नाही. स्वप्नानं तिला काय काय सांगितलं ते तिनं पुढं मायाला सांगितलं नाही, सभेत सांगितलं नाही, कुणालाच सांगितलं नाही, आणि म्हणून ते मलाही ठाऊक नाही.